एक्सपल्स २०० ला १७ इंची चाकं टाकल्यावर सत्तरच्या पुढे हँडल थरथरतंय? काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

प्रॉब्लेम असाय की हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, पुढचं २१ इंची आणि मागचं १८ इंची चाक काढून दोन्हीकडे १७ इंची रिम, रोडचे टायर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे सुपरमोटो कन्व्हर्जन म्हणतात ते. गावात गाडी मस्त चालते, सिंहगड घाटात तर सोन्यासारखी वळते, पण हायवेला जीपीएसवर ७० च्या पुढे गेलं आणि थ्रॉटल सोडला की हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, आधी बारीक, मग हातात न मावणारं. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे जो उतार लागतो तिथे माझ्या भाच्याला हे झालं, मागून ट्रक होता, घरी आला तेव्हा पोराच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. म्हणाला, "मामा, गाडी माझं ऐकतच नव्हती."

पोरगा २१ वर्षांचा, त्याची ही पहिलीच गिअरची गाडी, त्याआधी फक्त ताईची स्कूटर चालवलेली. त्यामुळे मी हे मनावर घेतलं, आणि पुढचे दोन महिने दर रविवारी हेच केलं. त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहितोय कारण हाच प्रॉब्लेम मी आता ओळखीतल्या तिसऱ्या गाडीवर बघतोय, आणि तिन्ही ठिकाणी सुरुवातीला तोच चुकीचा उपाय केला गेलाय.

आधी एक गोष्ट साफ सांगतो, यात गाडीचा दोष नाही. कंपनीने दिलेल्या चाकांवर हीच गाडी ८०-९० ला सरळ रेषेत जाते. हा प्रॉब्लेम आपण तयार केलेला आहे, चाकं बदलून. आणि पोरं हे का करतात तेही समजतं, परवडेल असा, हलका, तयार सुपरमोटो आपल्याकडे शोरूममध्ये जवळजवळ मिळतच नाही. १९७९ च्या सुमाराला अमेरिकेत टीव्हीवरच्या सुपरबायकर्स शर्यतींमधून हा प्रकार लोकांपुढे आला, पुढे फ्रान्स-इटलीत वाढला, २००२ पासून त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे, पण आपल्याकडे पोचला तो व्हिडिओमधून. मग १६० किलोच्या आतली, १९ पीएसची, दोन पैसे गाठीला असले तर सेकंड हँड घेता येईल अशी एक्सपल्स डोळ्यासमोर येते आणि तिला १७ इंची चाकं टाकली जातात. निवड वाईट नाही. नवीन माणसाला याहून जास्त ताकद नकोच.

आता चुकीचा उपाय. आम्ही ज्या गॅरेजमध्ये गेलो तिथे मेकॅनिकने हँडल हलवून बघितलं, म्हणाला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला आहे, आणि नट आवळून दिला. गाडी बाहेर काढली तर हँडल जड. थरथर थोडी कमी वाटली खरी, पण आता वीस-तीसच्या स्पीडला गाडी सरळ रेषेत राहीना, दारू प्यायल्यासारखी या अंगाला त्या अंगाला जायला लागली, ट्रॅफिकमध्ये तर भीती वाटायची. कोनसेट गरजेपेक्षा जास्त आवळला की हेच होतं, हँडल स्वतःहून सरळ होत नाही, प्रत्येक वेळी आपण ते सरळ करतो आणि नेहमी थोडं जास्त करतो. वर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडतात ते वेगळंच. दुसऱ्या एकाने सांगितलं स्टीअरिंग डॅम्पर लावा, चार-पाच हजारात येतो. तोही आत्ता लावू नका. डॅम्पर थरथर दाबतो, ती कशामुळे येते ते शोधत नाही, आणि खाली स्पोक ढिले असतील तर ते तुम्हाला कळणारच नाही.

तपासायची सुरुवात हवेपासून करा, हसू नका, फुकट आहे. पेट्रोल पंपावरचा पोरगा सवयीने पुढे-मागे दोन्हीकडे ३५-४० पीएसआय मारून देतो. आमच्या गाडीत पुढे ३८ निघाली. आम्ही सकाळी थंड टायरला पुढे २७ आणि मागे ३० ठेवली, स्वतःचा गेज घेतला, पंपावरच्या गेजवर विसंबलो नाही. फरक पडला, पण प्रॉब्लेम गेला नाही.

मग चाक. तुमचं कन्व्हर्जन दोनपैकी एका पद्धतीने झालेलं असणार, एकतर मूळचाच हब (चाकाचा मधला भाग) ठेवून त्यावर नवीन १७ इंची रिम स्पोकने ओवलीय, नाहीतर दुसऱ्या गाडीचं अख्खं चाक आणून लेथवर बुश कातून बसवलंय. आमचं पहिल्या प्रकारचं होतं. यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे नवीन ओवलेले स्पोक पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले होतात, आणि ते परत आवळायला कुणी जात नाही. गाडी जॅकवर किंवा इंजिनच्या खाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला, एक लहान पाना घ्या आणि एकेका स्पोकवर हळूच मारत चाक फिरवा. आवळलेला स्पोक टिंग वाजतो, ढिला स्पोक थड. आमच्या पुढच्या चाकात पाच थड निघाले, त्यातले तीन तर शेजारी शेजारी. स्पोक कीने पाव-पाव फेरा देत आवळायचे, एकदम नाही, आणि समोरासमोरचे जोडीने, नाहीतर चाक आणखी आउट होतं. आउट किती आहे ते बघायला फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) पायाला एक प्लास्टिकची टाय बांधा, तिचं टोक रिमच्या कडेला जेमतेम टेकेल असं कापा आणि चाक फिरवा, फट कुठे वाढते कुठे कमी होते ते डोळ्याला दिसतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर सोडून द्या, त्यापुढे असेल तर जुन्या सायकलवाल्याकडे न्या, मी मनापासून सांगतो, आउट काढण्यात त्यांचा हात बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त लपलेली असते. डिस्कच्या बाजूला आणि दुसऱ्या बाजूला स्पोकचा तिरकेपणा सारखा नसतो, त्यामुळे रिम ओवताना ती हबच्या मानाने किती आत-बाहेर बसवायची याचं माप असतं. ते चुकलं तर रिम गोल फिरते, अजिबात आउट दिसत नाही, पण अख्खं चाकच एका बाजूला सरकलेलं असतं. आम्ही टायरच्या कडेपासून फोर्कच्या पायापर्यंत दोन्हीकडे माप घेतलं, एका बाजूला ३१ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला २३. म्हणजे चाक मध्यापासून ४ मिलिमीटर सरकलेलं, आणि मागच्या चाकाच्या रेषेत पुढचं चाक नाहीच. दोन महिने पोरगा सांगत होता की हात सोडला की गाडी डावीकडे ओढते, आणि मी त्याला म्हणत होतो की रस्त्याला उतार असेल. त्याचं खरं होतं. हे तपासायला मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लावून सुतळी पुढे ओढा, पुढचा टायर दोन सुतळ्यांच्या बरोब्बर मध्ये आला पाहिजे. त्याआधी चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना ते बघा, नाहीतर सुतळीच खोटं सांगेल.

कोनसेट आणि व्हील बेअरिंग यावर जास्त लिहीत नाही, बहुतेकांना येतं. पुढचं चाक हवेत ठेवून फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे ओढा, टकटक लागली तर ढिला. मग हँडल मध्यावरून अगदी हलक्या बोटाने एका बाजूला ढकला, ते स्वतःच्या वजनाने गुळगुळीत पडलं पाहिजे. अडखळून पडत असेल तर जास्त आवळलाय, आणि मध्यभागीच खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर वाट्या गेल्या, बदलायच्याच. आमच्या गेल्या होत्या, त्या आवळण्याने. चाक हातात धरून आडवं हलवा, बेअरिंग खेळत असेल तर बदला. मागे स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुशही असाच हलवून बघा.

हे सगळं केलं. थरथर ७० वरून ७८-८० वर गेली. कमी झाली, पण होतीच, आणि खरं कारण अजून हाताला लागलं नव्हतं.

खरं कारण सापडलं ते फोर्कवर. एका रविवारी गाडी धुताना बघितलं की फोर्क धरणाऱ्या दोन क्लॅम्पपैकी वरच्या क्लॅम्पच्या वर फोर्कची ट्यूब बोटभर बाहेर आलीय, आणि खालच्या क्लॅम्पच्या वर ट्यूबवर जुन्या धुळीची एक गोल रेघ आहे, क्लॅम्पपासून साधारण दीड सेंटीमीटर वर सुरू होणारी. मधला पट्टा चकचकीत. म्हणजे ट्यूब आधी जिथे धरलेली होती तिथून १५ मिलिमीटर वर सरकवलेली. विचारलं तर गॅरेजवाला सहज म्हणाला, हो, पुढून बसलेली गाडी दिसायला भारी दिसते.

आता हे का महत्त्वाचं ते नीट सांगतो, कारण अख्खा प्रॉब्लेम इथेच आहे. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा, त्याची दांडी जिथे आहे त्याच्या जरा मागे चाक जमिनीला टेकतं, म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ होतं. मोटरसायकललाही तेच, हँडलची जी तिरकी मध्यरेषा आहे ती जमिनीपर्यंत वाढवली तर ती जिथे टेकते त्याच्या मागे टायर टेकतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. २१ इंची चाकाच्या गाड्यांना तो साधारण दहा-अकरा सेंटीमीटर असतो. ट्रेल जितका जास्त तितकं हँडल स्वतःहून सरळ व्हायला बघतं, कमी झाला तर गाडी पटकन वळते पण सरळ राहायचं विसरते. आणि ट्रेल दोन गोष्टींनी कमी होतो, पुढचं चाक लहान झालं की, आणि गाडी पुढून खाली बसली की.

आता हिशेब बघा, टायरवर लिहिलेल्या आकड्यांवरून घरी करता येतो. मूळचा पुढचा टायर ९०/९०-२१, त्याचा व्यास साधारण ६९५ मिलिमीटर. आमचा नवीन ११०/७०-१७, व्यास ५८६. म्हणजे पुढचा एक्सल ५५ मिलिमीटर खाली आला. मागे मूळचा १२०/८०-१८, व्यास ६४९, त्याजागी आम्ही टाकला १४०/७०-१७, व्यास ६२८, म्हणजे मागचा एक्सल फक्त ११ मिलिमीटर खाली. पुढून ५५, मागून ११, त्यात फोर्क वर सरकवल्याने पुढून आणखी १४ च्या आसपास. एकूण गाडी पुढच्या बाजूला ५८ मिलिमीटर झुकली. १४१० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर हे अडीच अंशांच्या जवळ जातं. लहान चाक आणि हा झुकाव मिळून ट्रेल चार सेंटीमीटरच्या आसपास कमी झाला, म्हणजे होता त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. अशी गाडी थरथरली नसती तरच नवल.

कंपन्या जेव्हा स्वतः सुपरमोटो काढतात तेव्हा चाकांबरोबर सस्पेन्शन आणि टायर यांची मापं एकत्र ठरवतात. याच इंजिनावरच्या एक्सपल्स २००टी ला १७ इंची चाकं होती, पण तिचं सस्पेन्शनही कमी ट्रॅव्हलचं होतं. आपण मात्र फक्त चाकं बदलतो आणि उरलेली गाडी २१ इंची चाकासाठी उभी राहते.

तर उपाय काय. पहिला, फोर्क परत मूळच्या जागी. धुळीची रेघ सापडली तर सोपं, नाहीतर मॅन्युअल बघा. दोन्ही बाजू मोजून सारख्या, एक मिलिमीटरचाही फरक नको, आणि क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने. दुसरा, मागचा टायर बुटका घ्या. आम्ही १४०/७०-१७ काढून १४०/६०-१७ टाकला, यामाहा एफझीला येतो ते माप, कुठेही मिळतं. व्यास ६००, म्हणजे मागचा एक्सल आणखी १४ मिलिमीटर खाली. दिसायला टायर तेवढाच रुंद, त्यामुळे पोराचीही तक्रार नाही. तिसरा, मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) दोन पायऱ्या ढिला केला, भाचा ६२ किलोचा आहे, त्याला तेवढा कडक लागतच नव्हता. तुम्ही ८५-९० किलोचे असाल किंवा कायम डबल सीट जात असाल तर हे करू नका. या तिन्हीतून ५८ चा झुकाव २२-२३ वर आला.

उलटं मात्र करू नका, म्हणजे पुढून गाडी उचलायची म्हणून फोर्कची ट्यूब कंपनीने दिलीय त्याच्याही खाली उतरवायची. वरच्या क्लॅम्पने ट्यूब पूर्ण धरलेली असलीच पाहिजे. हे मी एका गाडीवर बघितलंय आणि अंगावर काटा आला.

चौथा उपाय एकदम साधा, मागे कॅरिअरला लावलेला बॉक्स काढला. कॉलेजचं सामान, रेनकोट, कुलूप धरून पाच-सहा किलो, तेही मागच्या एक्सलच्याही मागे. तिथलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि हलकं चाक आधी थरथरतं. आता पाठीला सॅक.

चाक परत ओवून ४ मिलिमीटर मध्यावर आणलं, वाट्या नवीन टाकल्या, हे सगळं झाल्यावर सकाळी सहाला मोकळ्या सरळ रस्त्यावर मी स्वतः चालवून बघितली. ८५ पर्यंत गाडी सरळ. थ्रॉटल सोडला, ६० पर्यंत स्वतःहून येऊ दिली, हँडलला काहीही नाही. तपासायला त्या बोगद्याच्या उतारावर कुणी जाऊ नका, आधीच तिथे किती अपघात होतात ते पुण्यात सगळ्यांना माहितीय. आणि तपासताना हँडलवरून हात काढून बघायचं तर अजिबात नाही.

नवीन चालवणाऱ्यासाठी एक वेगळं सांगतो, हे भाच्याला मी तीन-चार वेळा बसवून सांगितलं. थरथर सुरू झाली की माणूस घाबरून हँडल घट्ट धरतो, कोपर ताठ होतात, आणि आपल्याच हातांनी ती थरथर वाढते. हात सैल ठेवायचे, गुडघ्यांनी टाकी आवळायची, थ्रॉटल हळूहळू बंद करायचा, पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नाही. डोळे लांब रस्त्यावर, हँडलकडे नाही. ऐकायला सोपं आहे, पण भीतीत हात आपोआप आवळले जातात, म्हणून चाळीस-पन्नासच्या स्पीडला रोज पाच मिनिटं कोपर सैल ठेवायची सवय लावायला लावली. आधी मुंग्या येईपर्यंत ग्रिप धरायचा, आता नाही.

याच कन्व्हर्जनमुळे येणारे बाकीचे त्रासही लिहून टाकतो. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने उलट्या बाजूला पडते. आम्ही ३० मिलिमीटर कापून वेल्डिंग केलं, वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. स्पीडोमीटर चुकतो, सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर जीपीएसच्या ६० ला मीटर ७१ दाखवेल, मागून माप घेत असेल तर ६५. फोनचं जीपीएस लावून एकदा टिपून ठेवा, आणि ओडोमीटरही त्याच हिशेबाने जास्त पळतो, सर्व्हिस आणि अ‍ॅव्हरेज काढताना लक्षात ठेवा. मागचं चाक साडेसात टक्क्यांनी लहान झाल्यामुळे इंजिन त्याच स्पीडला जास्त फिरतं, पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवला की जवळपास भरून निघतं. एबीएसचा दिवा लागून राहिला तर चाक बसवताना सेन्सरची रिंग वाकली किंवा सेन्सर आणि रिंगमधली फट वाढलीय, आधी ते बघा, दिवा लागलेला असताना एबीएस आहे असं समजून ब्रेक मारू नका. आणि ग्राउंड क्लिअरन्स मूळचा २२० मिलिमीटर होता तो राहिलेला नाही, गावाकडच्या स्पीडब्रेकरवर जपून.

कागदपत्रांचं पण बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या मापात बदल करण्यावर बंधन आहे, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न याचाच काढू शकतात. म्हणून आम्ही मूळची चाकं विकली नाहीत, माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलीत. ज्याला फक्त ऑफिसला जायचंय, हायवे रोज लागतो, त्याला मी सरळ सांगेन की २१ इंचीच ठेव आणि टायर तेवढे रोडचे टाक. कन्व्हर्जन त्याच्यासाठी आहे ज्याला घाट आणि कार्टिंग ट्रॅकवर शिकायचंय.

सध्या गाडी सात महिने झाले बरोबर चालतेय. दर ५०० किलोमीटरला भाचा स्वतः पाना घेऊन स्पोक वाजवतो, मागच्या महिन्यात एक थड निघाला तर मला फोन न करता त्यानेच आवळला. ९० च्या पुढे, जोराचा आडवा वारा असेल तर अजून किंचित हलतं, तेवढं उरलंय. गेलेला ट्रेल पूर्ण परत आणायचा तर कमी ऑफसेटचे (हँडलची मध्यरेषा आणि फोर्क यांच्यात कमी अंतर असलेले) क्लॅम्प बनवून घ्यावे लागतील, ते सीएनसीवर चांगल्या अ‍ॅल्युमिनियममधून करणाऱ्याकडूनच, लेथवाल्याकडून नाही, आणि तो खर्च आत्ता परवडणारा नाही. तोवर ८० ची मर्यादा पोराने स्वतःच ठरवलीय. तुमच्या गाडीवर हे होत असेल तर पुढचा-मागचा टायर कुठला, फोर्कची ट्यूब क्लॅम्पच्या वर किती बाहेर आहे आणि थरथर थ्रॉटल सोडल्यावर येते की चालू असताना, एवढं आधी कागदावर लिहा, मग गॅरेजला जा.